डोकं मंजूर, बाकी नामंजूर

आमच्या अण्णांनी मला खो-खो खेळायची परवानगी दिली ती झाडं बघून. मला बघून नव्हे. मी बरी पळते का, पडते का, जिंकते का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा सवाल एकच होता, सावली आहे का?

अण्णा म्हणजे माझे वडील. कचेरीत कारकून. जन्म खुलताबादचा आणि शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शन झालं, राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली, पण अण्णांच्या तोंडातली जुनी कचेरी काही गेली नाही. आम्हा पोरांचं कुठलंही मागणं त्यांच्याकडं गेलं की उत्तर दोनच, मंजूर नाहीतर नामंजूर. मधलं काही नाही. आई म्हणायची, "बाई गं, ह्या माणसानं मंगलाष्टकं संपल्यावर बी 'मंजूर' म्हटलं आसंल. वाजंत्र्यात मला ऐकू आलं नाय, एवढंच."

आणि या माणसाला उन्हाचं लई भय. शिवरात्र झाली की आमच्या घरात संचारबंदी. अण्णा स्वतः डोक्याला पंचा गुंडाळून, वर छत्री धरून कचेरीत जायचे. खिशात कांदा. ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडं सगळेच कांदा बाळगतात, पण अण्णा बारा महिने बाळगायचे, थंडीत सुद्धा. माझ्या दप्तरातही एक कांदा कायम. माझ्या वह्यांना कांद्याचा वास, कंपासला कांद्याचा वास. वर्गात बाई नाक वर करून विचारायच्या, "डबा कुणी उघडला गं?" आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. मेल्यांनो, डबा नाही, औषध आहे, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

आमची शाळा उस्मानपुऱ्यात. मैदान म्हणायचं म्हणून मैदान, नाहीतर नुसता मुरूम. पडलं की गुडघ्याचं सालटं निघालंच. त्या सगळ्या उजाड माळावर एकच झाड, विहिरीजवळचा म्हातारा लिंब. त्याच्या सावलीत हेडमास्तरांची सायकल असायची आणि सायकलीशेजारी मी. खेळाच्या तासाला बाकीच्या मुली पळायच्या आणि मी अण्णांच्या हुकमानं सावलीत उभी. येणारेजाणारे विचारायचे, "काय गं पोरी, सायकल राखती व्हय?" असा संताप यायचा की ती सायकलच विहिरीत ढकलून द्यावी.

आणि मी पळायची हो! उगीच सांगत नाही. घरातून हाक आली की गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून मी हाकेच्या पाठोपाठ हजर. सगळी गल्ली म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण भिंगरी फिरायला जागा पाहिजे ना! पाचवीतल्या पोरीनं दोन हात सावलीत काय फिरावं?

त्या वर्षी शाळेत नवे ड्रिलमास्तर आले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा तिकडची बरीच मास्तरमंडळी इकडं आली, त्यातले हे पुण्याकडचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. बोलणं एकदम स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. या माणसाचा सगळा जीव एकाच गोष्टीत, खो-खोत. आल्या आल्या त्यांनी मैदान बघून कपाळावर हात मारून घेतला. मग स्वतः खटपट करून बैलगाड्या आणवल्या, खाम नदीचा काळाभोर गाळ आणून मैदानाच्या मधोमध पसरला, पाणी मारलं, रूळ फिरवला. पोरींचे गुडघे फुटू नयेत म्हणून. सुताराकडं दोन खांब करायला टाकले. मग एका संध्याकाळी दोरी धरून, गुडघ्यावर बसून, त्यांनी पांढऱ्या फक्कीनं खुणा केल्या. दोन टोकांना दोन खांबांच्या, आणि मधल्या ओळीत आठ बसणाऱ्यांच्या. जरा इकडंतिकडं झालं की पुसून पुन्हा. रांगोळी घालताना माझ्या आईनं सुद्धा कधी एवढा जीव टाकला नसेल.

दुसऱ्या दिवशी वनमहोत्सव होता.

वनखात्याची कडुलिंबाची रोपं सकाळीच आली होती. कोणी मोठे पाहुणे झाड लावायला यायचे होते आणि त्यांना आणायला ड्रिलमास्तर शाळेचा बँड घेऊन चौकापर्यंत गेले होते. इकडं हेडमास्तर हातात काठी घेऊन खड्डे कुठं खणायचे ते दाखवायला निघाले. हेडमास्तर इथलेच, दखनी मिसळून बोलणारे, लई खुशमिजाज. ते मैदानाच्या मधोमध आले, फक्कीच्या खुणा बघितल्या आणि जागच्या जागी थांबले.

"क्या बात है!" ते म्हणाले. "ड्रिलमास्तरांनी खड्ड्यांच्या खुणा पण करून ठेवल्या! एकदम सुतात! पोरं हो, इसको बोलते काम. खणा!"

कुणाला काही शंका आली नाही. येईल कशी? मुरमात पहार मारून पोरांचे हात सोलून निघाले होते आणि इथं तर कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरत होती. सगळी शाळा त्या गाळावर तुटून पडली. बँड वाजत गेटातून आत आला तोवर खड्डे तयार, रोपं तयार, आणि ड्रिलमास्तर बँडच्या पुढं, तोंडात शिट्टी. त्यांनी बघितलं. शिट्टी तोंडातच राहिली. बँडला थांबायची खूण मिळेना, म्हणून तो वाजतच राहिला, आणि त्या गजरात पाहुण्यांनी पहिलं रोप लावलं, बरोबर खांबाच्या जागेवर. नारळ फुटला. मग हेडमास्तरांनी भाषणात "इतक्या मेहनतीनं आखणी करणारे आमचे ड्रिलमास्तर" म्हणून त्यांनाच हार घातला. हार घालून घेताना त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. खटल्यात शिक्षा झालेला माणूस सुद्धा जरा बरा दिसतो.

दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तरांकडं गेले. व्हरांड्यात आम्ही कान लावून उभ्याच होतो.

"सर, ती रोपं काढून कडेला लावूया. माझं क्रीडांगण आहे ते."

"पाहुण्यांच्या हातचं रोप काढायचं? त्याच्यापुढं नारळ फुटलाय मास्तर! उद्या पाहुणे परत आले आणि म्हणाले, माझं झाड कुठाय, तर काय शिट्टी वाजवून दाखवणार?"

"मग निदान ते एक ठेवून बाकीची?"

"बाकीची पोरांच्या हातची. पोरं कमी हायेत का पाहुण्यांपेक्षा?"

आता बोला! मैदानाच्या एका बाजूला वर्ग, एका बाजूला विहीर, बाकी मुरूम आणि खडक. क्रीडांगण हलवायला दुसरी जागाच नव्हती. खांब सुताराकडून आले आणि भांडारात जाऊन पडले. तेव्हापासून ड्रिलमास्तर त्या रोपांकडं बघायचे ते डोळ्यांनीच उपटून टाकावं तसे.

मी मात्र त्या संध्याकाळी घरी जाऊन अण्णांपुढं उभी राहिले. "अण्णा, मैदानावर झाडं लावलीत. त्यांची सावली झाली तर मी खेळू?"

अण्णा पान लावत होते. वीतभर उंचीची रोपं त्यांनी येताजाता बघितलीच होती. त्यांना वाटलं असेल, यात आपलं काय जातंय? "मंजूर," म्हणाले आणि पान तोंडात टाकलं.

झालं! अण्णांचा एक गुण होता, दिलेला हुकूम फिरवायचे नाहीत. तेव्हा शाळेत दोन पक्ष पडले. एका पक्षात ड्रिलमास्तर, त्यांना ती झाडं मरायला हवी होती. दुसऱ्या पक्षात मी एकटी. ती झाडं जगली तर मी खेळणार होते, आणि मेली तर हेडमास्तरांची सायकल राखत मॅट्रिक होणार होते.

मुरमात लावलेली रोपं दिवाळीपर्यंत काड्या होऊन गेली. पण गाळातली? अहो, त्यांना तर पंगतच मिळाली होती. लिंबाची पानं अशी तरारली की काय सांगू! ड्रिलमास्तरांच्या गाळावर ड्रिलमास्तरांचे दुश्मन पोसले जात होते. मी रोज सुट्टीत विहिरीवरून पाणी घालायची. आणि रोज शाळा सुटताना बघावं तर गेट सताड उघडं.

गेटाबाहेर बकऱ्या हिंडायच्या. त्यातली एक काळी बकरी फार आगाऊ, कान फाटलेली, डोळ्यांत जरा लाज नाही. गेट उघडं कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? मी गेट लावायची, ड्रिलमास्तर वळून बघायचे. मी त्यांच्याकडं बघायची. ते म्हणायचे, "कडी नीट लागत नाही वाटतं." मी म्हणायची, "लागते सर. जरा जोर लावला की लागते." असं आमचं चाललेलं, तोंडावर साखर ठेवून.

शेवटी त्या बकरीनंच आमचं भांडण मिटवलं. गॅदरिंगच्या दिवसांत ड्रिलमास्तरांनी कवायतीचा नवा कोरा शर्ट धुऊन मैदानाच्या कुंपणावर वाळत टाकला होता. मी हात धूत होते. बघते तर काळी बकरी निवांत उभी, आणि शर्टाची बाही अर्धी बाहेर, अर्धी तिच्या पोटात. ड्रिलमास्तर धावत आले. त्यांनी एका बाजूनं शर्ट ओढला, बकरीनं दुसऱ्या बाजूनं. तो माणूस, ज्याच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नव्हता, तो माणूस बकरीला म्हणाला, "हलकट! निर्लज्ज! सोड म्हणतो ना!" शिवी सुद्धा शुद्ध. बकरीनं सोडला, पण बाही ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ड्रिलमास्तर मुकुंदवाडीकडून बाभळीच्या फांद्या लादून गाडी घेऊन आले आणि प्रत्येक रोपाला काट्यांचं कुंपण केलं. झाडांवर माया आली म्हणून नव्हे. बकरीला काही म्हणून मिळू द्यायचं नाही, म्हणून. गेटाची कडी सुद्धा तेव्हापासून बरोबर लागायला लागली.

वर्षं गेली तशी झाडं चढत गेली आणि अण्णांच्या तपासण्या सुरू झाल्या. कचेरीच्या दुपारच्या सुट्टीत कधीही यायचे. छत्री मिटवायचे, मला झाडाखाली उभी करायचे आणि सावली कुठवर पडते ते बघायचे. पहिल्या वर्षी नुसतं हसले. "ही सावली हाय का? ही तर चाळणी हाय." पुढच्या वर्षी मला गुडघे मोडून बसवलं, चहूबाजूंनी फिरले आणि निकाल दिला, "डोकं मंजूर. बाकी नामंजूर."

"अण्णा, नुसत्या डोक्यानं कसं खेळू?"

"ते तुमच्या मास्तरला विचार."

आई घरी पोट धरून हसली. मला रडू येत होतं आणि हिला हसू! पण सातवीत गेल्यावर बसल्या जागी मी सगळीच्या सगळी सावलीत मावायला लागले आणि अण्णांनी बसायची परवानगी दिली. तोवर ड्रिलमास्तरांनी हात टेकले होते. मैदान हलत नाही आणि झाडं हटत नाहीत म्हटल्यावर त्यांनी झाडांसकट खो-खो सुरू केला. टोकाची दोन झाडं म्हणजे खांब. मधल्या प्रत्येक झाडाला पाठ करून एक मुलगी बसणार, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. मीही बसले. माझ्या मागून खो आला, मी उठले आणि तशीच परत खाली बसले.

"अगं, खो मिळाला! पळ!" ड्रिलमास्तर ओरडले.

"सर, पळायची परवानगी नाही. बसायचीच आहे."

ते अण्णांना भेटायला घरी आले. आईनं चहा ठेवला. ड्रिलमास्तर फार नम्रपणे म्हणाले, "साहेब, या खेळात खो मिळाल्यावर उठून पळावं लागतं. तो खेळच तसा आहे."

"बेशक उठू द्या," अण्णा म्हणाले. "पळू बी द्या. पण सावलीसावलीतून."

ड्रिलमास्तरांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ तो फुंकत बसले. मग मात्र त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी झाडांच्या खालच्या फांद्या छाटल्या, म्हणजे झाडं वर चढून पसरतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः येऊन पाणी घातलं. गाळाच्या आणखी गाड्या आणल्या. ज्यांना बकरीच्या पोटात घालायला निघाले होते, त्यांच्या बुडाशी बसून हा माणूस आळी करत होता. का? तर त्यांना पळणारी एक पोरगी सापडली होती आणि ती सावलीशिवाय मिळत नव्हती.

नववीत असताना एका दुपारी अण्णा आले, वर बघितलं. झाडांचे शेंडे एकमेकांत गेले होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड सावली. अण्णा छत्री मिटून या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत गेले, परत आले. "मंजूर," म्हणाले. "सगळी मंजूर." मी अशी पळाले त्या दिवशी! कुणी मागं लागलेलं नसताना पळाले. ड्रिलमास्तर ओरडत होते, "अगं, अजून शिट्टी नाही वाजली!" ऐकतं कोण?

आणि एकट्या माझंच नाही हो. पूर्वी फाल्गुन लागला की सुट्टीत सगळी पोरं वर्गात माशा मारत बसायची. आता घंटा झाली की सगळी शाळा त्या झाडांखाली. चिमुरड्या पोरींची लंगडी, पोरांच्या गोट्या मुळांच्या बेचक्यांत, कुणी फांदीला लोंबकळतंय, कुणी निंबोळ्या मारतंय. जाड्या, आळशी, नाजूक, सगळी पळायला लागली. हेडमास्तरांनी खुर्ची बाहेर टाकली आणि येईल त्याला सांगायला लागले, "मैने उसी दिन बोला था, खुणा एकदम बराबर है."

आमच्या खो-खोला मात्र झाडांच्या खोडी लागल्या. बसणाऱ्या मुली खोडाला आरामात टेकून बसायच्या. ड्रिलमास्तर ओरडायचे, "टेकू नका! झाडं आहेत ती, लोड नाहीत!" पळणाऱ्या मुली खोडाआड लपून हुलकावणी द्यायच्या. वळायचं झालं की झाडाला मिठी मारून वळायच्या. आम्हाला वाटायचं, असाच खेळतात खो-खो.

दहावीत आमचा संघ शाळांच्या सामन्याला निवडला गेला. सामना मुकुंदवाडीच्या अंगाला एका शाळेच्या मैदानावर, मार्च महिन्यात, भर दुपारी. आणि ते मैदान म्हणजे तळहात. झाड नाही, झुडूप नाही, एक तुळस सुद्धा नाही.

"नामंजूर," अण्णा म्हणाले.

मी रडले, जेवले नाही, भांडी आपटली. काही उपयोग नाही. मग चुलीपाशी आईनं मला जवळ ओढलं आणि हळूच सांगितलं. अण्णांना एक धाकटी बहीण होती. सगळे तिला छोटी म्हणायचे. खुलताबादच्या चढावर एका चैत्रातल्या दुपारी दोघं भावंडं शर्यत लावून पळाली. शर्यत अण्णांनीच लावली होती. छोटी लई पळायची म्हणं, अण्णांच्या पुढं गेली. संध्याकाळी तिला ताप भरला आणि पहाटे ती गेली. "ऊन लागलं," आई म्हणाली. "तवापासून ह्यांच्या खिशात कांदा हाय. तू पळाया लागली की त्यांना छोटीच दिसते बाई. पण तू जा. त्यांना मी सांगते."

मी गेले. कमरेला ओढणी आवळली आणि आईनं तिच्यात कांदा खोवून दिला.

सामना म्हणजे नुसता तमाशा झाला. शिट्टी वाजली, आमच्या मुली ओळीत बसल्या, आणि माझ्या शेजारची नेहमीच्या सवयीनं मागं टेकायला गेली. मागं झाड नव्हतं. ती उताणी! पाय आभाळात! प्रेक्षक खो खो हसले. तेवढ्यात दुसरीला खो मिळाला, ती पळत खांबाकडं गेली आणि तिनं सवयीनं खांबाला कडकडून मिठी मारली. पंच म्हणाले, "पोरी, सोड त्याला, तो कुठं जात नाही." आम्ही पळायला उतरलो तर मी धावत जाऊन एका न दिसणाऱ्या खोडाआड लपले. म्हणजे भर मैदानात, चारचौघांसमोर, अंग चोरून उभी. पकडणारी मुलगी सुद्धा क्षणभर गोंधळली, ही काय करतेय! तेवढ्या वेळात मी निसटले, ही गोष्ट वेगळी. निसटता निसटता ओढणीतला कांदा पडला आणि घरंगळत पंचांच्या पायाशी गेला. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. "हे काय आहे?" ड्रिलमास्तर पुढं झाले आणि तोंडावरची रेघ न हलवता म्हणाले, "वैद्यकीय साहित्य."

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि मला एका खांबाशी गार लागलं. खरंच सांगते, गार. वळून बघितलं तर मैदानाच्या रेघेला चिकटून अण्णा उभे. अंगात कचेरीचा कोट, हात लांब करून छत्री आत धरलेली, आणि छत्रीची सावली बरोबर खांबाच्या बुडाशी.

पंच धावत आले. "ओ काका, छत्री मिटा!"

"मी रेषेच्या बाहेर हाय," अण्णा म्हणाले.

"पण छत्री आत आहे!"

"छत्री खेळते का? सावली आत आली तर नुकसान काय? हुकूम दाखवा, छत्री नामंजूर असा."

पंचांनी नियम आठवून बघितले. त्यात छत्री कुठंच नव्हती. दुसऱ्या संघाचे मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो, आमच्या पोरींना बी लागंल सावली." तसा खेळ पुढं चालला. अण्णांचं सगळं लक्ष माझ्यावर. मी जिकडं पळेन तिकडं ते रेघेच्या कडेनं छत्री घेऊन पळायचे, धोतर सावरत, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर ऊन नुसतं रणरणत होतं. पंचा सुद्धा कुठं पडला होता कुणास ठाऊक. मी ओरडले, "अण्णा, छत्री तुमच्यावर धरा!" ते ओरडले, "तू पळ! मागं बघू नको, पळ!"

आम्ही हरलो. चांगल्याच हरलो. मी बाद झाले ती खांबाला मिठी मारायच्या नादात. पण मला काय त्याचं? परत येताना अण्णांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं, एवढ्या मोठ्या घोडीला. वाटेत कुठं थांबून उसाचा रस पाजला, पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावून बघितलं. रात्रभर उशाशी बसले. सकाळी मी ठणठणीत उठले. माणूस लहान मुलासारखा रडला. आईनं मला बाहेर जायची खूण केली.

मी मॅट्रिक झाले. शाळा सुटली, लग्नाची बोलणी सुरू झाली. त्या पावसाळ्यात अण्णा रोज सकाळी सायकलला पिशवी अडकवून कुठं तरी जायचे. विचारलं तर सांगायचे नाहीत. पावसानं दडी मारली त्या आठवड्यात मीच हट्टानं मागं बसले. ते मुकुंदवाडीच्या त्या उजाड मैदानावर आले. पिशवीत आमच्या शाळेतल्या झाडांखाली आपोआप उगवलेली लिंबाची रोपं होती. कडेला पहिली रोपं लागलेली होती, भोवती बाभळीचे काटे. ड्रिलमास्तर आधीच तिथं बसून खड्डा खणत होते. मला बघून म्हणाले, "कडी आहे इथल्या गेटाला. बघून ठेवलीय."

मला हसू आलं. मी अण्णांना म्हटलं, "आता तर मी शाळेत नाही. इथं मी कधी खेळायची? कुणासाठी लावताय एवढी?"

अण्णा खड्ड्यात गुडघे टेकून माती दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्यासाठी नाय गं. छोटी लई पळती. तिला लागंल."

ड्रिलमास्तरांचा हात थांबला. मी बादली उचलली आणि पाणी आणायला हौदाकडं निघाले. हौद मैदानाच्या पार त्या टोकाला, डोक्यावर ऊन चढलेलं, आणि मी पळत गेले. अण्णांनी मला हाक मारली नाही.